इंगळे बाईंचा पाहुणा

२७ सप्टेंबर. सोयाबीन सोंगणीला आलं आहे, म्हणून आज रिकामे कट्टे धुवायला काढले. कट्टे म्हणजे खताची, ढेपेची प्लास्टिकची पोती. वर्षभर गोठ्याच्या माळ्यावर पडून असतात. ती उलटी करायची, झटकायची, हौदाजवळ साबणाच्या पाण्यातून काढायची आणि तारेवर टाकायची. काम सोपं आहे, पण हात सोलतात.

निम्मे झाले असतील, तेवढ्यात दिनकरभाऊ आले. गावातलेच शेतकरी, आवाज असा की बांधावरून बोलले तर घरात भांडं हलतं.

"मंदावहिनी, कट्टे पाह्यजे होते. फाटके असले तरी चालन."

"कशाले?"

"सांडव्यावर रचाले."

आमचं धरण लहान आहे. मातीची पाळ आणि तिच्या एका टोकाला दगडी सांडवा. धरण भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यावरून आपोआप नाल्यात जातं. त्याला दार नाही, चाक नाही. सांडव्यावर मुरूम भरलेल्या कट्ट्यांची ओळ रचली की पाणी तेवढंच आणखी वर अडतं. हे करायला परवानगी नाही, आणि न केलेलं गाव शोधावं लागेल. यंदा धरण परवाच भरलं, सांडव्यावरून पातळ चादर पडायला लागली. दिनकरभाऊंचं शेत कालव्याच्या शेवटच्या टोकाला, त्यामुळे ती चादर बघून त्यांचा जीव खालीवर होणं साहजिक होतं.

मी म्हटलं, "भाऊ, उपसागरात काहीतरी तयार झालंय म्हणतात."

"तो वर बिहारकडं जाऊन राह्यला. मोबाईलवर दाखवते. आपल्याकडं काही येत नाही."

"बाई असत्या तर..."

"बाई असत्या तर पहिला कट्टा त्यायनंच ठेवला असता," दिनकरभाऊ म्हणाले, आणि ते खरं होतं.

"कट्टे ओले आहेत," मी म्हटलं. "सकाळी पाहू."

इंगळे बाई आमच्या शेजारी राहायच्या. गावच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलं आणि उरलेल्या निम्म्या गावाला शिकवल्यासारखंच वागवलं. उंच, काटक, हातात पुरुषी घड्याळ आणि बारा महिने छत्री. छत्री पावसासाठी नव्हतीच. ती दाखवायला, ढोसायला, अंतर मोजायला आणि कुत्री हाकलायला. पाऊस आला तर त्या छत्री काखेत धरून भिजत यायच्या.

वर्गात त्या पुस्तकासारखं बोलत. फाटक ओलांडलं की वऱ्हाडी सुरू. त्यामुळे बाई रागावल्यात का, हे पोरांना भाषेवरून कळायचं. वर्गात "काऊन बे" ऐकू आलं की मागचा बाकसुद्धा सरळ बसायचा.

त्यांच्या घरी पाणी अर्धा पेला मिळायचं. पाहुणा कोणीही असो, साहेब असो की जावई. "आधी हे संपव, मग दुसरं देते." दुसरं मागायची हिंमत फार कमी जणांनी केली. पेल्यात उरलेलं पाणी दारातल्या एका पत्र्याच्या डब्यात जायचं आणि डब्यातलं कढीपत्त्याला. तो कढीपत्ता आता छपरापर्यंत गेलाय. त्यात माझ्या उष्ट्या पाण्याचाही वाटा आहे.

मेहकरला एका लग्नात आम्ही दोघी गेलो होतो. मोठं कार्यालय, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची छोटी बाटली. लोक दोन घोट घेत होते आणि बाटली खुर्चीखाली सोडून जेवायला पळत होते. बाईंनी पिशवी काढली. चांगली जरीकाठाची साडी नेसून त्या रांगेरांगेने वाकत अर्ध्या बाटल्या गोळा करत निघाल्या. नवरीचे वडील घाईत होते. त्यांनी लांबूनच हाक मारली, "मावशी, स्टेजजवळच्या पण उचला."

"उचलते ना," बाई म्हणाल्या आणि उचलल्या. मग पहिल्या रांगेत नवरीच्या आत्याशेजारी जाऊन बसल्या. नवरी त्यांची विद्यार्थिनी. ती पाया पडायला आली तेव्हा वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाईंनी त्यांना "जयभीम" घातला आणि विचारलं, "बोअरले पाणी किती फुटावर लागलं?" त्या लग्नाचं पाणी आम्ही एसटीतून घरी आणलं. पिशवी माझ्या मांडीवर होती आणि ती गळत होती.

पण गावात बाई प्रसिद्ध होत्या त्या भिंतीमुळे. त्यांच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर त्यांनी गेरूने भारताचा नकाशा काढला होता. नकाशा काही बरोबर नव्हता. गुजरात सुजलेला, काश्मीर खिडकीत अडकलेलं. पण बंगालचा उपसागर मात्र ऐसपैस, आणि पुरीपासून आमच्या गावापर्यंतची ठिकाणं ओळीने लिहिलेली: पुरी, रायपूर, गोंदिया, नागपूर, वाशिम, मेहकर. उपसागरात कमी दाब तयार झाला की बाई खडूने एक गोल काढायच्या आणि रोज सकाळच्या बातम्या ऐकून तो पुसून पुढे सरकवायच्या. त्या गोलाला नाव होतं पाहुणा.

वादळ म्हटलेलं त्यांना चालत नसे. "वादळ ते समुद्रावर. आपल्यापाशी येईपर्यंत त्याचं वारं गळून जाते, नुसतं पाणी घेऊन येते. जो पाणी घेऊन येते त्याले वादळ म्हणता काय? पाहुणा म्हणा."

भिंतीसमोरच एसटीचा थांबा. जानेफळला जाणारी माणसं गाडीची वाट बघत उभी असायची आणि येणारा-जाणारा विचारायचा, "बाई, पाहुणा कुठवर आला?"

"रायपूरले जेवला. आज निघते."

पाहुणा नेहमी यायचाच असं नाही. एक वर्ष बाईंनी छातीठोक सांगितलं की परवा येणार. लोकांनी फवारणी थांबवली, काढलेल्या उडदावर ताडपत्र्या ओढल्या, एकाने तर पोरीचा साखरपुडा पुढे ढकलला. पाहुणा छत्तीसगडातून वळला आणि तेलंगणात गेला. इकडे ऊन असं पडलं की ताडपत्रीखालचा उडीद घामेजला. दुसऱ्या दिवशी नकाशाखाली कोणीतरी कोळशाने लिहिलं: 'पाहूणा सासुरवाडीले मुक्कामी'. अक्षर दिनकरभाऊंचं होतं, हे सगळ्यांना कळलं. बाईंनी ते पुसलं नाही. त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक खडूने दुरुस्त केली आणि शेजारी दहापैकी सहा गुण देऊन सही केली.

निवृत्तीनंतर गावाने त्यांना पाणी वापर संस्थेचं अध्यक्ष केलं. कारण एवढंच, की पाण्यावरून भांडणं होतात आणि बाईंसमोर मोठ्याने भांडायची कोणाची तयारी नव्हती. त्या रोज संध्याकाळी सांडव्यापर्यंत फेरी मारायच्या. कधीकधी मीही जायचे, कारण त्या चालताना कमी बोलायच्या.

मग ते वर्ष आलं. ऑगस्ट कोरडा गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला चार सरी बऱ्या झाल्या आणि धरण कसंबसं भरून सांडव्यावरून चादर सुरू झाली. गाव बघायला लोटलं. पोरंसोरं फोटो काढत होती, बायकांनी धरणाची ओटी भरली, नारळ फोडला. बाई पूजेत नसायच्या, पण हजर असायच्या. "पूजा तुमची, सांडवा माझा," असं म्हणून ओटीतली प्लास्टिकची पिशवी छत्रीने बाहेर ओढून घ्यायच्या. त्या दिवशी मात्र त्या काही ओढत नव्हत्या. चादरीकडे बघत उभ्या होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"चाललं ना वं पाणी. इथून पैनगंगेत, पैनगंगेतून वर्धेत, मग गोदावरीत आणि गोदावरीतून पुन्हा त्याच उपसागरात. एवढ्या दुरून आणून देते तो, अन् आपण त्याच्याच घरी वापस पाठवतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी कट्टे गोळा करायचं फर्मान काढलं. बरेचसे माझ्याच माळ्यावरून गेले. मुरूम दिनकरभाऊंच्या ट्रॅक्टरने आला. दुपारपर्यंत सांडव्यावर कट्ट्यांचे दोन थर लागले आणि चादर थांबली. बाई मोठा थर्मास घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, आणि काठोकाठ दिला. दिनकरभाऊ कप हातात घेऊन मला म्हणाले, "वहिनी, हे लक्षात ठेवा. बाईनं भरून कप देल्ला."

ते जास्त खूश होते, त्याला कारण होतं. कालव्याचं पाणी त्यांच्या टोकाला पोचेपर्यंत धरण तळाला जायचं. गहू दाण्यावर आला की पाणी संपायचं, दरवर्षी. त्या वर्षी कट्ट्यांमुळे एक पाणी जास्त मिळणार होतं.

धरण त्या थरांच्या काठाला टेकलं आणि त्याच आठवड्यात भिंतीवर गोल उगवला. पुरी. मग पुरीच्या अलीकडे. रायपूरला गोल काढला त्या सकाळी बाई भिंतीसमोर बराच वेळ उभ्या होत्या, हातात खडू तसाच. मी भाजी निवडत ओट्यावर बसले होते. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"मंदा, चाल. कट्टे काढा लागते."

"आत्ताच तर रचले!"

"हो. मीच रचले. म्हणून मलेच काढा लागते. हा लय पाणी घेऊन येऊन राह्यला अन् आपलं घर गच्च भरलं हाय. तो झोपन कुठं?"

यात कोडं काही नव्हतं. सांडवा जेवढा मोकळा, तेवढा पूर बाजूने निघून जातो. सांडवा अडवला तर पाणी पाळीवर चढतं. पाळ मातीची. पाणी एकदा तिच्या डोक्यावरून वाहायला लागलं की माती कापली जाते, आणि पाळीखाली, नाल्याच्या काठाला, अर्धी वस्ती आहे. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण माहीत असणं आणि हातातलं पाणी सोडणं यात फरक आहे.

सांडव्यावर पोचलो तर बातमी आमच्या आधी पोचली होती. दिनकरभाऊ कट्ट्यांसमोर उभे.

"बाई, तुम्हीच रचता, तुम्हीच काढता?"

"हाव."

"अन् पाहुणा मागच्यासारखा सासुरवाडीले गेला तं?"

मागे काही जण हसले. बाई हसल्या नाहीत. दिनकरभाऊही हसत नव्हते. ते आवाज खाली आणून बोलले, आणि त्यांचा आवाज खाली आलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "बाई, माझा गहू दाण्यावर येते अन् पाणी संपते. दरसाल. तुम्हाले माहीत हाय. यंदा पहिल्या डाव वाटलं, का भरन."

बाई म्हणाल्या, "पाहुणा नाही आला तं माझी विहीर तुझी. मोटार माझी, पाईप तुझा. गहू भरेपर्यंत."

त्या विहिरीवर त्यांची लिंबाची बाग होती. पेन्शन सोडली तर त्यांचं सगळं त्या बागेत होतं. विहीर दोघांना पुरणारी नव्हती, हेही सगळ्यांना माहीत होतं. 

बाईंनी पदर खोचला, छत्री माझ्या हातात दिली आणि कट्ट्याला हात घातला. कट्टा हलेना. ओला मुरूम बसून त्याचा दगड झाला होता. त्या खाली बसल्या, दोन्ही पाय लावले आणि ओढलं. कट्टा निघाला, बाई मागे कलंडल्या, आणि पाणी सगळं त्यांच्या मांडीवर.

"दिन्या, उभा काय राह्यला बे! मी वाहून गेली तं पुढची विहीर कोण देईन?"

दिनकरभाऊ आत उतरले. मग बाकीचेही उतरले. कट्टे एकेक करून काठावर आले आणि अडवलेलं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाल्यात गेलं. बाई त्या बाजूला बघत नव्हत्या. पाठ करून कट्टे मोजल्यासारखं करत होत्या.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. ढगाचा ठिपका नाही. थांब्यावरचा प्रत्येक माणूस भिंतीकडे बघून खाकरत होता. दहाच्या सुमाराला दिनकरभाऊ आले, खांद्यावर काळ्या पाईपचं भेंडोळं. ते त्यांनी बाईंच्या अंगणात, अगदी मधोमध, धपकन टाकलं.

"आणून ठेवला, बाई. म्हटलं मागाहून घाई नको."

"चांगलं केलं," बाई म्हणाल्या. "बस, पाणी पी." आणि अर्धा पेला आणून दिला.

दुपारनंतर पूर्वेकडून आभाळ भरून आलं. वारा नावाला नाही. दिवे लागायच्या वेळेला पाऊस सुरू झाला आणि थांबायचं विसरला. रात्रभर पत्र्यावर एकच आवाज. सकाळी जरा उघडल्यावर आम्ही धरणाकडे गेलो. सांडवा छातीभर चालला होता. त्याचा आवाज गावापर्यंत येत होता. पाणी थोडं उतरलं होतं आणि पाळीच्या आतल्या बाजूला काडीकचऱ्याची एक रेघ राहिली होती, रात्री पाणी जिथवर चढलं होतं तिथे. बाईंनी छत्री उलटी धरून रेघ आणि पाळीचा माथा यांच्यामध्ये लावली. छत्रीची मूठ तेवढी मावली. कट्ट्यांचे दोन थर त्या मुठीहून उंच होते.

दिनकरभाऊंनी रेघ पाहिली, खालच्या वस्तीकडे पाहिलं. चुलीचा धूर निघत होता. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही बरोबर होत्या."

"बरोबर होती म्हणून काय झालं? पाणी तं गेलंच ना!" बाई त्यांच्यावरच खेकसल्या. "किती गेलं वं मंदा! बापरे, किती गेलं!"

आणि खरंच, बरोबर ठरल्याचा आनंद त्यांना झालाच नाही. आठवडाभर त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. लोक घरी येऊन त्यांचं कौतुक करत आणि अर्धा पेला पिऊन जात.

त्या वर्षी धरण काठोकाठ राहिलं, तरी गहू दाण्यावर आला तेव्हा कालव्याचं पाणी शेवटच्या टोकाला पोचलं नाही. ते कधीच पोचत नाही. बाईंनी दिनकरभाऊंना बोलावून घेतलं.

"पाईप लाव."

"पण बाई, पाहुणा तं आला होता. बोली तशी नव्हती."

"तुझ्या टोकापर्यंत आला काय? नाही ना? मंग लाव."

गहू भरला. बाईंची लिंबं गोटीएवढी राहिली. ती त्यांनी सगळ्या गावाला वाटली, आणि नको म्हणायची सोय नव्हती. मी दोन बरण्या लोणचं घातलं. कडू झालं. मुकाट्याने संपवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच थांब्यावर. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला लेकीकडे चालल्या होत्या. गाडी आली, मी पिशव्या चढवल्या, त्या खिडकीशी बसल्या. गाडी सुटणार तेवढ्यात त्यांनी खिडकीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात कोंबली. अर्धी भरलेली.

"हे कढीपत्त्याले घाल. लेकीनं फिल्टरचं पाणी भरून ठेवलं म्हणते, हे कशाले नेऊ?"

"वाटेत प्यायला?"

"वाटेत उरलं तं फेका लागन," त्या म्हणाल्या आणि कंडक्टरला छत्रीने ढोसून घंटी मारायला लावली. ऑपरेशन चांगलं झालं, चालायलाही लागल्या होत्या. मग एका दुपारी झोपल्या आणि उठल्या नाहीत. नकाशाच्या भिंतीवर आता एका बियाण्याच्या कंपनीने कपाशीचं बोंड रंगवलं आहे. चांगलं टपोरं आहे.

आज संध्याकाळी कट्टे वाळले. घडी घालून ओट्यावर रचले. बातम्यांत म्हणाले, उपसागरातलं ते उत्तरेला वळू शकतं, विदर्भाकडेही येऊ शकतं. म्हणजे त्यांनाही माहीत नाही. माझ्या विहिरीवर मिरची आहे आणि वांगी आहेत. विहीर बरी आहे, पण दोघांना पुरणारी नाही.

२८ सप्टेंबर. सकाळी चहाच्या आधी सांडव्यावर गेले. दिनकरभाऊंनी माझी वाट बघितलीच नव्हती. कुठून तरी कट्टे आणून एक थर अर्ध्यापर्यंत लावला होता आणि पुढचे भरत होते. पूर्वेकडे आभाळ करडं होतं, पण सकाळी ते असतंच.

"आणले का कट्टे, वहिनी?"

"नाही," मी म्हटलं. साडी खोचली आणि टोकाचा कट्टा धरला.

"काऊन वं वहिनी! अन् नाही आला तं?"

"नाही आला तं माझी विहीर तुमची. मोटार माझी, पाईप तुमचा."

दिनकरभाऊंनी फावडं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, मग खालच्या वस्तीकडे. "पाईप आजच आणून टाकू काय अंगणात?" त्यांनी विचारलं.

"टाका. मधोमध नका टाकू, तिथं सोयाबीन वाळवायचं आहे."

ते पाण्यात उतरले. कट्ट्याचं दुसरं टोक त्यांनी धरलं.

रिकामे केलेले कट्टे मी घरी आणले, धुतले आणि तारेवर टाकले.